नाताळच्या आधी फळ हवे असेल तर: विंटर डॉन स्ट्रॉबेरीची आगाप लागवड

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई आणि जावळी या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा पैसा दोन वेळा हातात येतो. पहिला नोव्हेंबरअखेरपासून नववर्षापर्यंत, तेव्हा बाजारात फळ कमी आणि पर्यटक जास्त असतात. दुसरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा फळ भरपूर निघते, पण दर उतरलेला असतो आणि बराच माल प्रक्रियेला जातो. आगाप वाण घ्यायचा तो पहिल्या खिडकीसाठी. ती चुकली तर आगाप वाणावर केलेल्या खर्चाला फारसा अर्थ उरत नाही.

विंटर डॉन ही अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाची निवड. तिथल्या हिवाळी हंगामात सुरुवातीच्या तोड्यांना भरपूर माल मिळावा म्हणून ती तयार झाली आणि आपल्याकडे मोठ्या क्षेत्रावर पसरली. त्याच विद्यापीठाची १९९२ची स्वीट चार्लीही लवकर येते आणि चवीला गोड असते, पण फळ मऊ. मुंबईपर्यंत जाताना ओल सुटते. कॅलिफोर्नियाची कॅमारोसा टणक, गडद आणि प्रवासाला चांगली, मात्र फळाला उशीर करते. विंटर डॉन या दोघींच्या मधली: फळ मोठे, स्वीट चार्लीपेक्षा टणक आणि वेळ आगाप. २०१८ची फ्लोरिडा ब्रिलियन्स किंवा त्या घराण्यातले इतर नवे वाण लावणाऱ्यांनाही पुढचे वेळापत्रक थोड्या फरकाने लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. आगापपणा वाणात अर्धाच असतो. उरलेला अर्धा ऑगस्टमधल्या रोपवाटिकेत आणि सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ठरतो. मरतुक्या रोपाची विंटर डॉन जाड रोपाच्या कॅमारोसाच्या मागून फळाला येऊ शकते.

फळाच्या तारखेपासून मागे मोजा

समजा, २० डिसेंबरला तोडा जोरात हवा. थंडीच्या दिवसांत फूल उमलल्यापासून फळ तयार व्हायला साधारण ३० दिवस लागतात, म्हणजे फुले २० नोव्हेंबरच्या सुमारास उमललेली हवीत. उमललेले फूल त्याआधी तीन-चार आठवडे कंदात, म्हणजे रोपाच्या खोडाच्या गड्ड्यात तयार होत असते. तेव्हा २० ते २५ ऑक्टोबरला रोप मुळे धरून कामाला लागलेले हवे. मुळे धरायला तीन आठवडे धरले की लागवडीची तारीख २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर येते. पिशवीत रनर, म्हणजे रोपाला फुटणाऱ्या आडव्या धाग्यावरचे नवे रोप, बसवून तयार व्हायला पाच-सहा आठवडे, म्हणून रनर १५ ते २० ऑगस्टपर्यंत बसलेले पाहिजेत. त्यासाठी मदर प्लांट, म्हणजे रनर देणारी मूळ रोपे, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला जमिनीत लागलेले हवेत. या साखळीत कुठेही दहा दिवस घसरले की ते शेवटी तोड्यातूनच वजा होतात. खत वाढवून ते भरून निघत नाहीत.

मग आणखी आधी, ऑगस्टअखेरीस लागवड केली तर? तिथे तापमान आडवे येते. विंटर डॉन लहान दिवसांची जात आहे. दिवस साधारण १४ तासांपेक्षा लहान असला की अशी जात फुलावर येते. महाबळेश्वर १८ अंश अक्षांशाच्या जवळ असल्याने तिथला वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे दिवसाची लांबी आपल्याकडे अडथळा नाही. फूल थांबवते ती उष्णता. दिवसाचे तापमान २६-२८ अंशांच्या वर राहिले आणि रात्रीही उबदार असल्या की रोप फुलाऐवजी पाने आणि रनर काढते. म्हणून सुमारे १३७० मीटरवरच्या महाबळेश्वरला जी तारीख चालते, ती ७०० मीटरच्या आसपास असलेल्या वाईच्या शिवारात जशीच्या तशी चालत नाही. वाईकडे ५ ते १५ ऑक्टोबर ही तारीख बरी. त्याआधी लावलेले रोप हिरवेगार दिसते, शेजारी कौतुक करतात आणि फूल मात्र दिसत नाही.

वरच्या भागात आगाप लागवडीला खोडा घालतो तो पाऊस. परतीचा पाऊस बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. नव्या रोपावर पडणाऱ्या सरींनी माती उडून कंदाच्या मध्यात बसते आणि तिथूनच कूज सुरू होते. त्यामुळे सगळे क्षेत्र एका तारखेला लावू नये. पाण्याचा निचरा उत्तम असलेले आणि पूर्वेकडे उतार असलेले तीसेक टक्के क्षेत्र २५ सप्टेंबरच्या आसपास लावा, चाळीसेक टक्के पुढच्या आठवड्यात आणि उरलेले पाऊस थांबल्यावर. तोडणीचे मजूरही त्यामुळे पुरतात.

रोप

एकरी किती रोपे लागतील याचा हिशोब सोपा आहे. बेडच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४ फूट धरले तर एकरात १०,८९० फूट बेड बसतो. प्रत्येक बेडवर दोन ओळी, ओळीत १ फूट अंतर, म्हणजे २१,७८० रोपे. रस्ते, बांध, पाण्याची टाकी वजा केली की प्रत्यक्षात २०,००० च्या आसपास लागतात. सांधणीसाठी १० टक्के जास्त धरा: २२,००० रोपे. चांगल्या मदर प्लांटपासून वेळेत आणि लावण्याजोगे ३० रनर मिळतील असे धरून चालावे, म्हणजे सुमारे ७३५ मदर प्लांट लागतील. काही मरतात; ८०० सांगा. एका मदरपासून पन्नास-साठ रनर मिळाल्याच्या गोष्टी खोट्या नसतात, पण त्यातले शेवटचे वीस सप्टेंबरच्या मध्यावर बसलेले असतात आणि आगाप लागवडीला ते निरुपयोगी असतात.

परदेशातून येणारे मदर प्लांट आयात परवाना आणि विलगीकरण तपासणीतूनच आलेले असावेत. विक्रेत्याकडे वाणाची आणि तपासणीची कागदपत्रे मागा. कागदाशिवाय 'विंटर डॉनच आहे' म्हणून मिळालेली रोपे डिसेंबरपर्यंत तुम्हाला खरे काय ते सांगत नाहीत.

मदरची रोपवाटिका कमी पावसाच्या बाजूला करतात ते योग्यच आहे. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो, म्हणून वाईच्या बाजूची रोपवाटिका महाबळेश्वरच्या मळ्याला रोप पुरवते. उघड्यावर करायची असेल तर वर पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन हवेच. कारण अँथ्रॅकनोज, म्हणजे कोलेटोट्रिकम बुरशीचा करपा आणि कंदकूज, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांवर पसरतो आणि रोपवाटिकेतच रोपात शिरतो. मळ्यात गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात रोप कोमेजते, आणि शेतकरी पाण्याला किंवा हुमणीला, म्हणजे मुळे कुरतडणाऱ्या अळीला, दोष देत बसतो.

मदरला आलेली फुले जून-जुलैमध्ये खुडून टाका. रनरचे टोक पिशवीत बसवताना एकेका धाग्यावरची पहिली तीन रोपे घ्या. त्यापुढची बारीक राहतात. पिशवीत लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, त्यात ट्रायकोडर्मा ही रोगांना रोखणारी उपयुक्त बुरशी. रनर मुळे धरेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, मदरपासून तोडू नये. तोडल्यावर दोन-तीन आठवडे स्वतःच्या मुळांवर उभे राहू द्यावे. या शेवटच्या काळात नत्र आवरते घ्या. नत्रावर फुगवलेले रोप मऊ, लांब देठांचे असते आणि फूल उशिरा काढते.

लावण्याजोगे रोप कसे ओळखावे? देठांच्या बुडाशी असलेला कंद ८ ते १२ मिलीमीटर जाड, म्हणजे साध्या शिसपेन्सिलीपेक्षा बारीक नको. पाने तीन-चार, देठ आखूड, मुळे पांढरी आणि मातीचा गड्डा न फुटता पिशवीतून निघणारा. मुळे तपकिरी असतील तर तो ढीग बाजूला ठेवा. प्रत्येक खेपेतली वीसेक रोपे घेऊन ब्लेडने कंद उभा चिरून पाहा. आतला भाग पांढरा-फिक्कट असेल तर ठीक. आत लालसर-तपकिरी, मांसात चरबीची रेघ दिसावी तसे पट्टे दिसले तर तो अँथ्रॅकनोज. वीसात दोन जरी अशी निघाली तरी पूर्ण खेप परत करावी. फवारणीने कंदाच्या आतला रोग जात नाही.

जमीन, बेड, ठिबक

सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असलेली, निचऱ्याची लाल माती या पिकाला मानवते. आपल्या डोंगरी लाल मातीचा सामू अनेकदा याहून कमी असतो. तेव्हा माती तपासून, अहवालात सांगितला तेवढाच चुना उन्हाळ्यात द्यावा, लागवडीच्या तोंडावर नाही. स्ट्रॉबेरी क्षाराला फार नाजूक आहे. पाण्याची विद्युतवाहकता (ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी, ०.७ च्या आत असेल तर उत्तम. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी दिसू लागल्या की आधी पाणी आणि खत तपासा, मग रोगाचा विचार करा. म्युरेट ऑफ पोटॅशमधले क्लोराइड याच कारणाने नको. पालाश सल्फेटच्या रूपात द्या.

एकरी १० टन चांगले कुजलेले शेणखत, २०० किलो निंबोळी पेंड, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५ किलो सल्फेट ऑफ पोटॅश हा पायाचा डोस पुरतो. अर्धवट कुजलेले शेणखत म्हणजे हुमणीला आमंत्रण. शंका असेल तर कमी टाका, पण कच्चे टाकू नका. हुमणीचा त्रास असलेल्या रानात शेणखतात मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी मिसळून द्यावी. मागच्या वर्षी टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा मिरची असलेल्या रानात स्ट्रॉबेरी टाळावी. मर रोगाच्या बुरशा या पिकांतून चालत येतात.

बेड माथ्याला अडीच फूट, उंची दीड फूट, चरी दीड फूट. आगाप लागवडीत उंचीवर तडजोड नको. पावसात चरीतले पाणी बेडच्या एक तृतीयांश उंचीच्या वर गेले की मुळे गुदमरतात. बेड उताराला थोडा तिरका काढा. थेट उताराच्या दिशेने काढलेले बेड परतीच्या एकाच पावसात डोक्यावरून धुऊन जातात.

एका बेडवर मधोमध एक इनलाइन नळी, १६ मिलीमीटर, १ फुटावर २ लिटरचा ड्रिपर. एकरात जवळपास १०,९०० ड्रिपर, म्हणजे तासाला सुमारे २१,८०० लिटर पाणी. एवढे पाणी एकदम देणारी मोटर बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून एकराचे तीन किंवा चार भाग करून व्हॉल्व्ह बसवा. २० मिनिटे चालवले की एकरी ७,२०० ते ७,३०० लिटर पाणी पडते. ऑक्टोबरमध्ये रोप लहान असताना याहून कमी पुरते. फळाच्या भरात एकरी १० ते १२ हजार लिटर लागते, आणि तेही दोन वेळांत विभागून. हलक्या लाल मातीत एकदम दिलेले पाणी मुळांखाली निघून जाते. पहाटे १० मिनिटे आणि दुपारी २० मिनिटे यातून जो फरक दिसतो, तो एका वेळी अर्धा तास दिल्याने दिसत नाही.

मल्चिंग पेपर २५ ते ३० मायक्रॉनचा, ४ फूट रुंद. ४०० मीटरची गुंडाळी येते. एकरी आठ-नऊ लागतात. रंगाबद्दल वाद आहेत. थंड भागात काळा पेपर जमीन उबदार ठेवून फळ पुढे आणतो, तेव्हा महाबळेश्वरला काळा. वाईकडे ऑक्टोबरचे ऊन काळ्या पेपरवर रोपाचे बुड भाजून काढते, तेव्हा चंदेरी बाजू वर. लागवडीनंतर पेपर टाकण्याची जुनी पद्धत आगाप प्लॉटला सोयीची नाही: सरींनी बेडच्या कडा ढासळतात आणि पेपर टाकताना पाने मोडतात. आधी ठिबक चालवून बेड वाफशावर आणा, पेपर ताणून अंथरा, मग अडीच इंचाची भोके पाडा. पेपर सैल राहिला की वाऱ्याने फडफडतो आणि भोकाच्या कडेला रोपाचे देठ कापले जातात.

लागवडीचा दिवस

दुपारी चारनंतर किंवा ढगाळ हवेत लावा. पिशवी फाडून गड्डा न फोडता ठेवा. मुळे वळून वर येतील अशी कोंबू नका. वाकलेले मूळ नवी मुळे फार उशिरा फेकते. नागमोडी, म्हणजे एका ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये समोरच्या ओळीतले रोप.

सगळ्यांत महत्त्वाचे खोलीचे. कंदाचा मध्य जमिनीच्या बरोबरीने आला पाहिजे. नवी पाने फुटतात तो वाढीचा कोंब मातीवर उघडा हवा. अर्धा इंच खोल गेले की पहिल्या पावसात कोंब मातीखाली जाऊन कुजतो. अर्धा इंच वर राहिले तर नव्या मुळांना माती मिळत नाही आणि रोप डिसेंबरपर्यंत हात लावला की हलते. मजुरांना लावून दाखवा आणि मग दर शंभर रोपांना एक उपटून पाहा. मातीचा गड्डा हाताने दाबून हवेची पोकळी काढा. लागवडीआधी मुळे ट्रायकोडर्माच्या द्रावणात, लिटरला ५ ते १० ग्रॅम, पाच-दहा मिनिटे बुडवून घ्यावीत.

पिशवीतल्या रोपाला तीन-चार दिवस दुपारी पाच-पाच मिनिटे तुषार पुरतो. उघड्या मुळांचे रोप असेल तर हेच ८-१० दिवस करावे लागते, आणि तेवढ्यात पाने ओली राहून करपा वाढतो. आगाप प्लॉटसाठी पिशवीचे किंवा ट्रेचे रोप महाग असले तरी घ्यावे, असे आमचे मत आहे. बारा दिवसांनी फिरून मेलेली रोपे सांधा. त्यानंतर सांधलेली रोपे पहिल्या बहाराला मागे पडतात.

पहिले पन्नास दिवस

या काळात पानांची संख्या आणि कंदाची जाडी वाढवायची असते. येणारा प्रत्येक रनर आठ-दहा दिवसांनी कात्रीने कापा. ओढून तोडला तर कंदाला जखम होते. पिवळी, लालसर झालेली जुनी पाने बुडापासून काढा. प्लॉटमधली सगळी जुनी पाने एकदम साफ करण्याची हौस मात्र आवरा, रोपावर नेहमी ८-१० कामाची पाने हवीत.

ठिबकातून खताची सुरुवात लागवडीनंतर दहा दिवसांनी. पहिला महिनाभर आठवड्याला एकरी १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) चार किलो आणि कॅल्शियम नायट्रेट तीन किलो, दोन-तीन हप्त्यांत. पहिली कळी दिसली की १९:१९:१९ बंद करून ०:५२:३४ दीड किलो, १३:०:४५ चार किलो आणि कॅल्शियम नायट्रेट चार ते पाच किलो दर आठवड्याला. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेटच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कधीही टाकू नका. पांढरा साका होतो आणि ड्रिपर बुजतात. वेगळ्या दिवशी द्या. खत देताना पहिला पाव वेळ साधे पाणी, मधे खत, शेवटी पाच-सात मिनिटे पुन्हा साधे पाणी. शेवटचे साधे पाणी टाळले की नळीत राहिलेले खत पहिल्या ड्रिपरांच्या रोपांना जास्त मिळते आणि बेडच्या टोकाला कमी.

दिवाळीच्या सुमारास पहिला फुलोरा दिसेल. ठेवायचा की खुडायचा? कंद ८ मिलीमीटरच्या आत आणि पाने पाचपेक्षा कमी असतील तर खुडा. अशा रोपावर ठेवलेली दोन-चार फळे रोपाला आणखी दमवतात आणि डिसेंबरअखेरचा खरा बहार बारीक करतात. रोप जाड असेल तर एकही फूल खुडू नका. याच फुलांसाठी तुम्ही आगाप वाण घेतला आहे. सगळ्या प्लॉटला एकच नियम लावण्याऐवजी बेडनिहाय फिरून ठरवा.

फूल, मधमाशी, थंडी

स्ट्रॉबेरीच्या फळावर दिसणारे प्रत्येक बी स्वतंत्रपणे फळलेले असते. ज्या बाजूच्या बियांना पराग मिळाला नाही, ती बाजू वाढत नाही, आणि फळ वाकडे किंवा टोकाला आखडलेले राहते. फळाच्या चेपलेल्या भागावर बिया बारीक आणि दाटीवाटीने दिसत असतील तर परागीभवन अपुरे. फूल उमलल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच परागीभवन नीट होते. एकरी सातेरी माश्यांच्या ३-४ पेट्या फुलांच्या सुरुवातीला आणून ठेवा. महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळ भरपूर आहेत, पेट्या भाड्यानेही मिळतात. मात्र पेट्या आणल्यानंतर दिवसा कीटकनाशक फवारणार असाल तर त्या न आणलेल्याच बऱ्या. फवारणी संध्याकाळी माश्या परतल्यावर करा. टनेल किंवा क्रॉप कव्हर घातले असेल तर सकाळी ऊन वर येताच दोन्ही टोके उघडा. झाकलेल्या फुलात माशी शिरत नाही.

फुले काळवंडली आणि पाकळ्या पांढऱ्याच राहिल्या तर ते दव गोठण्याचे काम. महाबळेश्वरच्या वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात थंडीच्या काही पहाटे पानांवर हिमकण दिसतात. छायाचित्रे सुंदर येतात. पण फुलाचा मधला पिवळा भाग गोठला की काळा पडतो आणि त्याचे फळ होत नाही. थंड हवा पाण्यासारखी खोलगट जागेत साचते, म्हणून आगाप प्लॉट तलावाकाठच्या सखलात करू नये. अंदाज येताच संध्याकाळी १७ ते २० जीएसएमचे (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) न विणलेले कव्हर घाला, त्याने एक-दोन अंशांचा फरक पडतो. तुषार सिंचनाने वाचवायचे असेल तर पारा शून्याच्या जवळ येण्याआधी सुरू करून पानावरचा बर्फ पूर्ण वितळेपर्यंत थांबू नका. मध्येच पाणी बंद केले तर बाष्पीभवनाने फूल आणखी गारठते, न केल्यापेक्षा जास्त नुकसान होते. डिझेल किंवा वीज रात्रभर पुरेल याची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फुलाच्या आत फुलकिडे असतील तर फळ तपकिरी, खरखरीत होते. पांढऱ्या कागदावर फूल झटकून मोजा. फुलामागे पाच-सहा दिसू लागले की उपाय करा. पानावर बारीक पांढरे ठिपके आणि खालून जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या हवेत, धुळीच्या रस्त्याच्या कडेच्या बेडवर तो आधी येतो. रस्त्यावर पाणी मारणे हा औषधाइतकाच उपयोगी उपाय आहे. फवारा पानाच्या खालच्या बाजूला गेला नाही तर कोणतेही औषध चालत नाही.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या आणि खालून पांढरट दिसले तर भुरी. विद्राव्य गंधक उपयोगी, पण ते कडक उन्हात किंवा तेलयुक्त फवारणीच्या दोन आठवड्यांच्या आत मारू नका, पाने भाजतात. फळावर राखाडी बुरशी येते ती ढगाळ, ओल्या हवेत: ओली पाकळी फळाला चिकटून राहते आणि तिथून सुरू होते. कुजलेले फळ बेडच्या चरीत टाकले तर दोन दिवसांत शेजारचे चार जातात. तोडणीच्या वेळी एक वेगळी बादली कुजक्या फळांसाठी ठेवा आणि ती प्लॉटबाहेर पुरा. कोणतेही बुरशीनाशक वा कीटकनाशक घेताना लेबलवर स्ट्रॉबेरीचे नाव आणि फवारणी ते तोडणीतले दिवस वाचा. दोन दिवसांआड तोडले जाणारे हे फळ लोक न सोलता खातात.

रोपे एकदम कोमेजली की उपटून कंद चिरा. लालसर पट्टे म्हणजे अँथ्रॅकनोज. वरून खाली तपकिरी कूज आणि साचलेले पाणी असेल तर फायटोफ्थोरा ही कूज. कंद ठीक पण मुळे कुरतडलेली असतील तर हुमणी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींवर एकच औषध ओतण्यात बराच पैसा जातो.

तोडणी आणि पॅकिंग

हिवाळ्यात दर दोन दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत तीन दिवसांनी. पहाटेचे दव सुकल्यावर सुरू करून ऊन तापण्याआधी संपवा. मुंबई-पुण्याला जाणारे फळ ७५ ते ८० टक्के लाल झाल्यावर तोडा. रस्त्याकडेच्या स्टॉलला आणि 'स्वतः तोडा' मळ्यांना पूर्ण लाल चालते. फळ हाताच्या मुठीत न धरता देठ चिमटीत धरून नखाने तोडा, देठ सेंटीमीटरभर ठेवा, हिरवी टोपी फाटू देऊ नका. तोडलेले फळ धुवायचे नाही. खोल बादलीत तोडून नंतर पनेट, म्हणजे फळाची छोटी पारदर्शक डबी, भरण्यापेक्षा थेट पनेटमध्ये तोडा; एकदा कमी हात लागला की एक दिवस जास्त टिकते.

२५० ग्रॅमचे पनेट, आठ पनेटची दोन किलोची पेटी. एका पनेटमध्ये एकाच आकाराचे फळ भरा. वर मोठे आणि खाली बारीक भरलेले पनेट पहिल्याच खेपेला ग्राहक ओळखतो, आणि व्यापारी पुढच्या सगळ्या खेपांचा दर त्यावर लावतो. दोन-तीन तासांत ० ते ४ अंशांवर नेता आले तर फळ आठवडाभर उभे राहते. शीतगृह नसेल तर निदान सावलीत, हवेशीर जागेत ठेवा आणि रात्रीच्या गाडीने पाठवा. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह पेटीवर वापरायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

चांगल्या व्यवस्थापनात रोपामागे हंगामभरात ३५० ते ५०० ग्रॅम फळ, म्हणजे एकरी सात ते दहा टन, अशी अपेक्षा ठेवावी. जानेवारीत पहिला बहार ओसरला की दोन-तीन आठवडे तोडा मंदावतो. रोप दमले म्हणून नत्राचा मारा करू नका. त्यातून पाने येतात आणि भुरी व लाल कोळी वाढतात. त्या खंडात जुने घड, वाळलेली पाने काढून पालाश आणि कॅल्शियम चालू ठेवले की फेब्रुवारीत दुसरा बहार येतो. तो माल बारीक आणि स्वस्त असेल, त्याच्या तोडणीचा खर्च निघतो का ते आठवड्याला मोजा. दर मजुरीच्या खाली गेला की उरलेले फळ देठ काढून प्रक्रियेला द्या.

एप्रिलमध्ये याच प्लॉटमधून निघणारे रनर पुढच्या वर्षीसाठी ठेवण्याचा मोह होतो, कारण ते फुकट असतात. फळ देऊन दमलेल्या, हंगामभर किडी-रोगांत राहिलेल्या रोपांचे ते रनर असतात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर येतो. पुढच्या डिसेंबरला तोडा मागे पडायला तेवढे पुरते. पेपर आणि नळ्या गोळा करून रोपे उपटा, आणि मे महिन्यात बेड उन्हात तापू द्या.